फोन बंद ठेवा, मॅडम

चिंचपोकळी,
२२ ऑगस्ट

चि. अक्षता,
सप्रेम जय भीम.

पत्र बघून हसू नकोस. फोनवर मला तुझं ‘आत्या’ तेवढं ऐकू येतं, पुढचं सगळं मोहरी तडतडल्यासारखं. कानातलं मशीन लावावं तर ते स्वतःच शिट्ट्या मारतं. मोबाईलवर लिहायला बसले की माझ्या अंगठ्याखाली एका वेळी तीन अक्षरं येतात. चाळिशीत विहाराच्या वर्गात बसून लिहायला शिकले, ते कधीतरी तुझ्यावर राग काढायला उपयोगी पडेल असं वाटलं नव्हतं.

पिठाच्या गिरणीमागची इमारत पडून दोन आठवडे झाले. आपल्या चाळीपासून हाकेच्या अंतरावर, आणि तू एकदाही फिरकली नाहीस. सुंदराच्या पुण्यानुमोदनालाही नाही. अगं, ज्या बाईने तुझ्या वेण्या घातल्या, तुझी आई गिरणीच्या संपानंतर धुणीभांडी करायला जायची तेव्हा तुला जेवू घातलं, ती बाई त्या ढिगाऱ्याखाली गेली. तिचा विकास पांढऱ्या कपड्यांत विहाराच्या दाराशी उभा राहून येणाऱ्या प्रत्येकाला नमस्कार करत होता. तो दोनदा मला म्हणाला, अक्षता नाही आली? मी म्हटलं, ड्युटी असेल. किती दिवस म्हणू?

माझी गत तर विचारूच नकोस. वर्षावासातलं ग्रंथवाचन चालू आहे. सुंदरा वाचायची, मी शेजारी बसायचे आणि ती मध्येच थांबून मला दटावायची, कौसल्ये, झोपलीस का? आता कोणी दटावत नाही, म्हणून खरोखरच झोप लागते.

असो. चांगली बातमी ऐक. चौथ्या मजल्यावरची अपेक्षा, ती कॉलेजात जाणारी पोर, ढिगाऱ्यातून जिवंत निघाली. तेव्हापासून सगळ्यांना सांगत असते की महापालिकेच्या कंट्रोल रूममधल्या एका बाईंनी फोनवरून धीर दिला म्हणून मी वाचले. ती बाई म्हणजे तू, हे मला तुझ्या नवऱ्याकडून कळावं? राजरत्न सांगतो आणि तू तोंड शिवून बसतेस. आम्ही महिला मंडळाने ठरवलं आहे की येत्या पौर्णिमेला, सात सप्टेंबरला, विहारात तुझा सत्कार करायचा. गल्लीच्या तोंडाशी बॅनर लागलाही. फोटो तुझ्या लग्नातला आहे, हार कापून घेतला. ‘चिंचपोकळीची वाघीण’ असं मोठ्या अक्षरात लिहिलंय. खाली बारीक अक्षरात माझंही नाव आहे.

साडी नेसून ये. ड्रेस नको.

तुझी,
कौसल्या आत्या


अँटॉप हिल,
२७ ऑगस्ट

आत्यास,
सप्रेम जय भीम.

तुझं पत्र चार दिवसांनी मिळालं. टॅक्सीने वीस मिनिटांच्या अंतराला टपालखात्याला चार दिवस लागतात, यावर मी काही बोलत नाही, कारण तसली तक्रारसुद्धा लोक आमच्याकडेच करतात.

आत्या, तो बॅनर काढ. आजच काढ. मी हात जोडते. वाघीण वगैरे काय लावलंय तुम्ही. मी खुर्चीवर बसून फोन उचलते. ढिगारा उपसला तो फायर ब्रिगेडच्या माणसांनी, पोरीला झोळीत घालून उतरवलं त्यांनी. त्यांना बोलवा, त्यांना शाल द्या. मला सात तारखेला जमणार नाही. गणपतीचे दिवस आहेत, विसर्जनाच्या बंदोबस्तात आमच्या रजा बंद असतात आणि त्यानंतर जो तो आजारी पडतो.

शिवाय आमच्याकडे सध्या एक नवीनच प्रकार सुरू झालाय. इमारत पडल्यानंतर वरून ठरलं की कर्मचाऱ्यांच्या मनाची काळजी घ्यायची. ऋता मॅडम म्हणून एक समुपदेशक आल्या. बाई चांगली आहे, पण म्हणाली, डोळे मिटा आणि समुद्रकिनारा आठवा. आत्या, समुद्र म्हटला की आम्हाला भरतीचं वेळापत्रक आठवतं. अर्ध्या खोलीने डोळे उघडून घड्याळात बघितलं.

मग त्यांनी आमच्या जोड्या लावल्या. रोज पाळी संपली की जोडीने चहा घ्यायचा आणि प्रत्येकाने त्या दिवसाचा एक कॉल दुसऱ्याला सांगायचा. उपदेश करायचा नाही, फक्त ऐकायचं. म्हणे, जे आपण ऐकतो ते घरच्यांना सांगता येत नाही, पण शेजारच्या खुर्चीवरच्याला समजतं. माझ्या वाट्याला सुशांत आले. लालबागचे, निवृत्तीला आलेले, तोंडात कायम चणे. त्यांना मी सांगते की वायरवर अडकलेल्या घारीचा कॉल आला, किंवा एका काकांनी भरती कधी म्हणून सकाळपासून पाच वेळा विचारलं. ते चणे चावत मान हलवतात. मग ते त्यांचा कॉल सांगतात, मी मान हलवते. मग आम्ही घरी जातो. ह्याने मन कसं बरं होतं ते ऋता मॅडमना माहीत.

विकासला माझा जय भीम सांग. आणि बॅनर काढ.

तुझी,
अक्षता


चिंचपोकळी,
१ सप्टेंबर

चि. अक्षता,
जय भीम. सप्रेम म्हणवत नाही.

बॅनर काढणार नाही. वर्गणी काढून केला आहे. आणि आता काढायचा तर चढणार कोण, गल्लीतली सगळी माणसं लालबागला रांगा सांभाळायला गेली आहेत. ह्या गर्दीत पोस्टमन मला तुझं पत्र देऊ शकला हेच नवल.

तुला खरं सांगू का मला काय वाटतं? अँटॉप हिलला सरकारी क्वार्टरमध्ये राहायला गेलीस, दोन खोल्या नि आत संडास मिळाला, आणि चाळ तुला कमी वाटायला लागली. दुसरं कारण मला दिसत नाही. सत्काराला माणसं नको म्हणतात ते दोनदा म्हणतात, तिसऱ्यांदा साडीला इस्त्री करतात. तू सरळ पाठच फिरवलीस.

राजरत्न परवा येऊन गेला. तोंड एवढंसं झालंय त्याचं. तो सांगत होता की तू हल्ली घरात कोणाचाही मोबाईल दिसला की चार्जिंगला लावतेस. पाहुण्यांचे हिसकावून घेतेस. शेजारची प्रिती साखर मागायला आली तर तिचाही फोन काढून प्लगला लावलास आणि पूर्ण भरेपर्यंत तिला जाऊ दिलं नाहीस. हा काय चाळा? आणि त्या दिवसापासून तू फोन वाजला की दुसऱ्या खोलीत जातेस, असंही म्हणाला. दिवसभर तेच करून कंटाळत असशील, मी समजू शकते. पण माणसाने किती वैतागावं याला काही सुमार?

ऐक, कार्यक्रम नीट आखलाय. पुष्पगुच्छ विकासच्या हातून द्यायचा. त्याच इमारतीतला माणूस, त्याच दिवशी आईला मुकलेला, असा माणूस तुझा सन्मान करतो म्हटल्यावर सगळ्यांना बरं वाटेल, असा माझा विचार. त्याला विचारलं, तो हो म्हणाला.

त्या पोराची मात्र फार काळजी वाटते. एकच गोष्ट धरून बसलाय. सुंदराला बाहेर काढलं तेव्हा मोबाईल तिच्या मुठीत होता, पण बंद होता. बिघडलेला नाही, बंद केलेला. त्याने चालू करून बघितला तर थोडी बॅटरीही होती. मग आईने मला फोन का केला नाही, हेच तो येईल त्याला विचारतो. काय सांगायचं? मी म्हटलं, अरे, तुझी आई मुलखाची वेंधळी, तिने चुकून कुठलंतरी बटण दाबलं असेल. खरं म्हणजे मला तिचाच राग येतो. हातात फोन असून बंद करून बसायचं, म्हणजे मूर्खपणाची कमाल झाली. एक फोन केला असता तर त्या पोराला निदान आवाज तरी ऐकायला मिळाला असता.

सात तारखेला, संध्याकाळी पाच. तुझं काही एक ऐकणार नाही.

तुझी,
आत्या


अँटॉप हिल,
४ सप्टेंबर

आत्या,

हे पत्र राजरत्नच्या हाती पाठवते आहे, पोस्टाची वाट बघत नाही.

सुंदरामावशीला वेंधळी म्हणू नकोस. मूर्ख तर अजिबात नको.

तिने फोन केला होता. विकासला नाही, आमच्याकडे. तो माझ्याच लाइनवर आला. ती बोलायच्या आधी खोकली, तेव्हाच मी ओळखलं. जिना पडला होता, ती मोरीच्या भिंतीला टेकून बसली होती आणि पायावर तुळई होती. बॅटरी अगदी थोडी उरली आहे म्हणाली. अशा वेळी काय सांगायचं ते आम्हाला शिकवलेलं आहे. नातेवाइकांना फोन करत बसू नका. फोन बंद ठेवा, थोड्या थोड्या वेळाने चालू करून आम्हाला मिस कॉल द्या, म्हणजे तुम्ही कुठे आहात ते सांगता येईल आणि बॅटरी पुरेल. मी तेच सांगितलं. ती म्हणाली, बरं. आणि तिने फोन बंद केला.

पुन्हा तिचा मिस कॉल आला नाही. दुपारी मागची भिंत आणखी खचली, हे तुला माहीत आहे.

म्हणून तो बंद होता. तिने चुकून बटण दाबलं नाही. तिने माझं ऐकलं.

अपेक्षालाही मी तेच वाक्य सांगितलं होतं. ती चालू-बंद करत राहिली, तिची बॅटरी पुरली, ती सापडली. हे मला कळतं. कोणी समजावून सांगायची गरज नाही. पण एका वाक्याने वाचलेल्या मुलीसाठी गुच्छ घ्यायचा, आणि त्याच वाक्यामुळे ज्याला आईचा शेवटचा फोन आला नाही त्याच्या हातून घ्यायचा. ते माझ्याने होणार नाही. विकासच्या तोंडाकडे मी कशी बघू, ते तू मला सांग. म्हणून मी आले नाही. चाळ कमी वाटते म्हणून नाही.

त्याला सांगायचं की नाही, ते तू ठरव. मला काही सुचत नाही. बदलीचा अर्ज लिहून ठेवला आहे, जिथे फोन नसेल असं कुठलंही खातं चालेल.

अक्षता


अँटॉप हिल,
१५ सप्टेंबर

आत्या,

अकरा दिवस झाले, तुझं उत्तर नाही. राजरत्नला विचारलं तर म्हणतो, पत्र आत्यांच्या हातात दिलं, त्यांनी वाचलं आणि मला चहा न देता दार लावून घेतलं. सात तारखेला काय झालं तेही कळत नाही. शिव्या घालायच्या असतील तर घाल, पण लिही. मी दिवसभर लोकांना सांगत असते की लाइनवर राहा, बोलत राहा. माझ्याच घरच्या माणसाने लाइन कापली तर मी कुठे फोन करू?

आणखी एक झालं, ते सांगते. काल चहाला मी सुशांतना सांगत होते की कोणाच्या तरी खिडकीत माकड आलंय असा कॉल होता. ते चणे खायचे थांबले आणि म्हणाले, “अक्षता, तो कॉल राहिला गो तुझा.”

मी म्हटलं, कुठला?

म्हणाले, तू घारी सांगितल्यास, झाडं सांगितलीस, माकड झालं. मी बाजूच्या खुर्चीवर होतो त्या दिवशी. तुझा आवाज फक्त एका कॉलला बदलला. तू हेडफोन काढलास, पाणी प्यायलीस आणि लगेच दुसरा कॉल घेतलास. मी बघितलं, पण माझीही लाइन चालू होती.

मला इतका राग आला. म्हटलं, माहीत होतं तर महिनाभर माझ्या घारी कशाला ऐकल्यात? तर म्हणाले, दुसऱ्याच्या घरात मी कसा शिरू, दार तू उघडायचंस. मग मी सांगितलं. कॅन्टीनवाला खुर्च्या उलट्या करून टेबलांवर ठेवत होता तरी आम्ही बसून. त्यांनी एकदाही ‘तुझी चूक नाही’ असं म्हटलं नाही, ह्याबद्दल मी त्यांची आभारी आहे. बदलीच्या अर्जाबद्दल एवढंच म्हणाले की देणार असलीस तर दे, पण चिडून देऊ नकोस, चिडून लिहिलेल्या अर्जाला साहेब लगेच सही करतात.

तू लिही, आत्या.

अक्षता


चिंचपोकळी,
१८ सप्टेंबर

चि. अक्षता,
सप्रेम जय भीम.

तुझं चार तारखेचं पत्र मी पिठाच्या डब्याखाली दाबून ठेवलं होतं. दुसरं आलं तेव्हा दोन्ही बाहेर काढली.

मी चिडले होते, खोटं कशाला बोलू. फोन बंद ठेव म्हणालीस म्हणून नाही, ते तुझं काम. चिडले ते ह्याच्यावर की सुंदरा शेवटचं तुझ्याशी बोलली आणि तू महिनाभर मला कळू दिलं नाहीस. मी इथे रोज तिच्या रिकाम्या जागेशेजारी बसतेय, आणि माझ्याच भाचीकडे तिचा आवाज आहे. मग तुझ्यावर चिडल्याबद्दल स्वतःवर चिडले. मग राजरत्नला चहा दिला नाही म्हणून. ह्यातच दिवस गेले.

सत्कार झाला नाही. मंडळात मी सांगितलं की अक्षताला बरं नाही. बायकांनी सतरा प्रश्न विचारले, मी मशीन कानातून काढून ठेवलं आणि बसले. गुच्छ आणलेलाच होता, तो अपेक्षाला दिला. त्या पोरीलाही अजून शिबिरातल्या खोलीचा जिना चढवत नाही गं, तिला घरचे खुर्चीवर बसवून वर नेतात.

विकासला मी सांगितलं. ठरवून नाही, तो पुन्हा तेच विचारायला लागला आणि माझ्या तोंडून निघालं. तो पायरीवर बसला. मला कळेना त्याच्या पाठीवर हात ठेवू की तुझी बाजू घेऊ, म्हणून मी पाव आणायला गेले. परत आले तर तसाच बसलेला. म्हणाला, अक्षताला विचारा, मला भेटेल का. आई काय बोलली तेवढं सांगितलं तरी चालेल. जबरदस्ती नाही.

रागावलाय का, ते मला त्याच्या तोंडावरून समजलं नाही. जाणं न जाणं तुझ्यावर. मी ह्यात पडणार नाही. आणि मी पडणार नाही असं मी म्हणते आहे, ह्यावरून काय ते समज.

आत्या


अँटॉप हिल,
२९ सप्टेंबर

आत्यास,
सप्रेम जय भीम.

मी विकासला भेटून आले. संक्रमण शिबिरातल्या त्याच्या खोलीवर. साहेबांना विचारलं होतं. रेकॉर्डिंग देता येत नाही, पण नातेवाईक मुलगाच आहे, तू काय ऐकलंस ते तोंडाने सांग म्हणाले. सुशांत बरोबर आले. वर चला म्हटलं तर नको म्हणाले, खालीच चहाच्या टपरीवर थांबले.

विकासने आधी मला पाणी दिलं. मग विचारलं, “आई घाबरली होती का?”

आत्या, मी येताना सगळं पाठ करून आले होते, आणि त्याच्या प्रश्नाला त्यातलं काहीच लागू होईना. मी खरं ते सांगितलं. “घाबरली नव्हती. वैतागली होती.”

मी म्हटलं, अरे, इमारतीवर वैतागली होती, मालकावर वैतागली होती, गेली दोन वर्षं टेकू लावा म्हणून सांगतेय म्हणाली. आमच्यावरही वैतागली, तुमचा फोन लागायला एवढा वेळ का लागतो म्हणून. तुझं नाव मी काढायच्या आत तीच म्हणाली की विकासला मी नंतर करीन, आत्ता केला तर तो काम टाकून धावत येईल आणि ढिगाऱ्यात हात घालील. म्हणजे मी फोन करू नका म्हटलं नसतं तरी... ते मला माहीत नाही. त्यालाही नाही. पण तो हसला. हसला आणि मग रडायला लागला, आणि मीही. मग तो पुन्हा पुन्हा विचारत राहिला, मालकाला काय म्हणाली, परत सांग.

त्याला सांगितलं नाही असं एक आहे. सुशांतना परत येताना टॅक्सीत सांगितलं, आता तुला लिहिते.

मला त्या वाक्याचं वाईट वाटत नाही, आत्या. बॅटरीचं ते बरोबरच होतं, आजही कोणी अडकलं तर मी तेच सांगेन. मी तिला मॅडम म्हणाले. आमच्याकडे सगळे सर आणि मॅडम. मी तिला ओळखलं, आणि तरी म्हणाले, घाबरू नका मॅडम, फोन बंद ठेवा मॅडम. मावशी म्हटलं असतं तर माझा आवाज फुटला असता आणि पुढचं काही नीट सांगता आलं नसतं. म्हणून नाही म्हटलं. तिच्या हातचं जेवून मोठी झाले, आणि ती तिथे अंधारात एका परक्या बाईशी बोलत बसली. तिला कळायला हवं होतं की मी आहे. एवढंच मला सहन होत नाही.

तुझ्यासाठीही निरोप आहे. फोन ठेवता ठेवता म्हणाली, “कौसल्येला म्हणावं, उद्याच्या खिरीला हात लावू नकोस, मी आले की बघते.” दुसऱ्या दिवशी पौर्णिमा होती ना. तू रडशील म्हणून इतके दिवस दिला नाही.

तुझ्याकडे न येताच परतले, रागावू नकोस. डोळे सुजले होते. अर्ज अजून पर्समध्ये आहे.

तुझी,
अक्षता


चिंचपोकळी,
३ ऑक्टोबर

चि. अक्षता,
सप्रेम जय भीम.

रडले. तू सांगितल्याप्रमाणे रडले, आणि मग मला तुझा जो काही संताप आला आहे तो कागदावर मावेल की नाही शंका आहे.

तू शिकलेली. एवढी मोठी नोकरी करतेस, दिवसभर लोकांचं ऐकतेस, माणूस काय बोलला आणि काय बोलला नाही हे ओळखायचं तुम्हाला शिकवतात म्हणे. आणि माझ्या नावाचा निरोप दीड-पावणेदोन महिने उराशी घेऊन फिरलीस, तरी तुझ्या टाळक्यात उजेड पडला नाही?

अगं, कंट्रोल रूममध्ये बसलेल्या परक्या मॅडमला कौसल्या कोण, हे कसं ठाऊक असणार?

सुंदरा कशी होती ते तुला माहीत आहे. वाण्याच्या नोकराला माझ्याकडे तेलाची पिशवी द्यायला पाठवायची तर चाळ, मजला, खोली, दाराचा रंग, सगळं सांगून पुन्हा त्याच्याकडून वदवून घ्यायची. परक्या बाईला निरोप द्यायचा असता तर तिने तुला माझा पूर्ण पत्ता लिहून घ्यायला लावला असता. तिने नुसतं कौसल्या म्हटलं. तूही विचारलं नाहीस, कौसल्या कोण. मावशी म्हटलं नाहीस ते तिने चालवून घेतलं. कामावर असलेल्या पोरीचा आवाज फुटू नये, हे तिलाही कळत होतं.

तू मॅडम म्हणत राहिलीस, आणि ती ऐकत राहिली, बरं म्हणाली, फोन बंद केला. सुंदराने जन्मात कुठल्या परक्या बाईचं मुकाट ऐकलेलं मला तरी आठवत नाही.

तुझी,
आत्या